प्रार्थनेचे थांबे

रविवार, ५ मार्च

निवृत्त होताना ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकाने ही डायरी दिली. हयातभर त्याच्या गाड्यांत बसून लोकांचे धक्के खाल्ले, त्याचं हे बक्षीस. आजवर कपाटात पडून होती. आज काढली, कारण घरात बोलायची सोय उरलेली नाही. घरात म्हणजे मी आणि ही.

हिने आज जेवताना जाहीर केलं, की मी चर्चच्या भटक्या मंडळींत नाव घालायचं. एक शनिवार आड ही सगळी मंडळी पाळकसाहेबांच्या मागून गावाबाहेर रानावनात चालत जातात, कुठेतरी बसून डबे खातात आणि गाणी म्हणत परत येतात. ही चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, त्यामुळे हिला जावंच लागतं. मला का? लग्न आणि मयत सोडून मी चर्चची पायरी चढत नाही. देवाशी माझं भांडण नाही, पण येणंजाणंही नाही.

"दिवसभर खुर्चीत बसून माझ्या चुका काढता, त्या चालता चालता काढा," ही म्हणाली. "आणि एकदा डॉक्टरांकडेही जाऊन येऊ."

"का? तुला काय होतंय?"

 ही भांड्यावर झाकण आपटून आत गेली. बायकांचं हे असंच. स्वतःचं दुखणं सरळ सांगतील तर शपथ.

शनिवार, १८ मार्च

जाऊन आलो. मंडळी म्हणजे डझनभर माणसं, त्यांतल्या एकालाही रस्त्यावर चालायचं वळण नाही. तिघं तिघं शेजारी शेजारी चालतात, वळताना मागे बघत नाहीत, मध्येच थांबून फुलं हुंगतात. परीक्षेला बसवलं असतं तर सगळे नापास.

पुढे पाळकसाहेब. उंच, विधुर, पन्नाशीचे, दात अजून सगळे स्वतःचे. हसतात त्यावरून तरी वाटतं. त्यांच्या मागे बेकरीवाला. हा एवढा अगडबंब, की त्याच्या मागून चाललं तर वारा लागत नाही. आणि एक निवृत्त नर्सबाई आहेत. हिने ओळख करून दिली तेव्हा बाईंनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. मनगटाशी धरून उभ्या, आणि नजर मात्र आपल्या घड्याळात. भलत्याच लाजाळू दिसतात. या वयातही आपलं वजन पडतं म्हणायचं. हिच्या ते लक्षात आलं असावं, कारण नंतर दोघी बाजूला होऊन कुजबुजत होत्या.

चालणं म्हणाल तर कासवछाप. कुरणाचं फाटक ओलांडून चढ लागला. मी जरा वेग घेऊन पाळकसाहेबांना मागे टाकणार, एवढ्यात त्यांनी हात वर केला. "इथे थांबून थोडी प्रार्थना करू या." कशासाठी? तर फाटकासाठी. फाटक करणाऱ्या सुताराच्या हातांसाठी. सगळ्यांनी डोळे मिटले. तेवढ्यात मीही जरा दम खाल्ला. बूट नवे आहेत, पायाला जड जातात.

पुढे शंभर-दोनशे पावलं गेलो नाही तोच मेंढरांसाठी प्रार्थना. मेंढरांचं ठीक आहे, त्यांच्या धर्मात मेंढराला मान आहे. पण त्यानंतर विजेच्या खांबासाठी? माणूस इतका देवभोळा असू शकतो हे मला माहीत नव्हतं. वर पोचेपर्यंत पाळकसाहेबांनी खांब, दगड, एक कुंपण आणि कोणाची तरी गंजलेली बादली इतक्यांना आशीर्वाद दिले.

डबा बरा होता. नर्सबाईंनी मला उकडलेली अंडी देऊ केली, मग काय वाटलं कोण जाणे, पिवळं काढून घेतलं आणि नुसतं पांढरं दिलं. चिकटपणाची कमाल आहे.

रविवार, १९ मार्च

छातीत जळजळ. अंड्यांमुळे.

शनिवार, १ एप्रिल

आज डोळे उघडे ठेवून चाललो, आणि प्रार्थनेतही उघडेच ठेवले. कुठेतरी पाणी मुरतंय.

ओढ्यावरचा पूल ओलांडला की वाट टेकडीवर चढते. ही माझ्या शेजारी चालत होती. हिच्या डोक्यावर ती निळी टोपी. मध्येच हिने टोपीला हात लावला, जरा मागे सरकवली आणि पुन्हा पुढे ओढली. त्याच क्षणाला पाळकसाहेबांनी हात वर केला. "इथे थांबून थोडी प्रार्थना करू या."

एकदा झालं तर योगायोग म्हणतो. पण थोडं पुढे गेलो, हिने पुन्हा टोपी मागे-पुढे केली, आणि पाळकसाहेब पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा तर भोवती प्रार्थना करावी असं काहीच नव्हतं. होता तो शेणखताचा ढीग. त्यांनी त्या ढिगासमोर उभं राहून, मातीला पुन्हा जीव देणाऱ्या गोष्टींबद्दल आभार मानले. बेकरीवाल्याने रुमाल नाकाला लावून आमेन म्हटलं.

बाकीच्यांचे डोळे मिटलेले. पाळकसाहेबांचा एक डोळा मात्र उघडा. तो डोळा आमच्या दिशेला लागलेला. आमच्या म्हणजे कोणाच्या? माझ्यात बघण्यासारखं काय आहे? माझ्या शेजारी ही उभी होती, वाऱ्याने गाल लाल झालेले. ढिगासमोर आभार मानताना त्यांचा डोळा कोणावर होता हे सांगायला ज्योतिषी नको.

बेकरीवालाही यात सामील दिसतो. मी मागे पडलो की याच्या बुटाची नाडी सुटते. एवढा मोठा माणूस खाली वाकून पंधरा पंधरा मिनिटं नाडी बांधत बसतो आणि मला म्हणतो, "थांबा हो, मला एकट्याला सोडून जाऊ नका." मला अडकवून ठेवायचं, म्हणजे पुढे त्यांना बोलता येईल.

डावा हात दुखतोय. सगळी हयात गाडीच्या खिडकीवर कोपर टेकून बसलो, त्याचं हे फळ.

सोमवार, ३ एप्रिल

आज बाजारातून लवकर परतलो. जिना चढून मधल्या वळणावर उभा होतो. तिथला रंग सुटायला लागलाय, तो मी हल्ली येता-जाता जरा थांबून तपासतो. आमच्या दाराची फट उघडी होती, ही आत फोनवर बोलत होती.

"नाही, पुढच्या वेळी टेकडी नको," ही म्हणत होती. "सपाटीवरूनच जाऊ या. आणि त्यांना अजिबात कळता कामा नये हं. कळलं तर सगळंच संपेल." मग जरा वेळाने, रडवेल्या आवाजात, "तुम्ही आहात म्हणून निभावतंय हो, पाळकसाहेब."

 मी तसाच उलटा खाली उतरलो आणि फाटकापाशी बाकावर बसून राहिलो. इतकी वर्षं संसार केला. भांडलो असू, पण हिने कधी कोणाशी बोलताना त्या आवाजात "तुम्ही आहात म्हणून" म्हटल्याचं आठवत नाही. माझ्याशी तर नाहीच. माझ्यामुळे हिचं काय निभावतंय, असा विचार करत बसलो. काही सुचलं नाही. गाडी चालवायला शिकवली होती, पण ही चालवत नाही.

हे लिहिताना कान गरम झालेत. मला वाईट वाटतंय. उगाच काय लपवायचं, डायरी माझीच आहे.

शनिवार, १५ एप्रिल

शहानिशा करायला गेलो. आज वाट कालव्याच्या काठाने, अगदी सपाट. त्यांच्या ठरल्याप्रमाणे.

आणि गंमत बघा. सपाटीवर हिने टोपीला एकदाही हात लावला नाही, पाळकसाहेबांनाही देव आठवला नाही. शेवटी बंधाऱ्यापाशी जेमतेम दोन माणसांच्या उंचीचा चढ आहे, तिथे बरोबर टोपी हलली आणि तिथेच बंधाऱ्याच्या दगडांसाठी प्रार्थना झाली. म्हणजे यांचं प्रेम चढावरच उतू जातं. त्यामागचं कारण मला कळत नाही, पण खूण पक्की झाली.

प्रार्थना चालू असताना नर्सबाईंनी माझा हात धरला. यांचा विचार काय आहे कळत नाही. हिच्यासमोर असं करायचं म्हणजे धारिष्ट्य हवं. कदाचित त्यांनाही सगळं माहीत असेल आणि त्या माझी कीव करत असतील. मी हात सोडवून घेतला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाच अपराध्यासारखं वाटलं.

येताना ही म्हणाली, "दमलात का?"

"मी? माझ्यावर अजून कोणी दया दाखवावी अशी वेळ आलेली नाही," मी म्हटलं.

ही पुढे होऊन नर्सबाईंबरोबर चालायला लागली. 

मंगळवार, १८ एप्रिल

शेवटी हिने डॉक्टरची वेळ घेतलीच. दवाखान्याच्या दारात गाडी उभी केली, तिथे उभी करायला मनाई आहे. ही म्हणाली, "आत चला ना माझ्याबरोबर." म्हटलं, "तुझं तू सांग. गाडी उचलून नेतील, मी इथेच थांबतो."

"अहो, आत चला. मी तुमच्या पाया पडते."

दवाखान्याच्या दारात कोणी असं बोलतं का? येणारे-जाणारे बघायला लागले. मी ठाम बसून राहिलो. ही एकटी आत गेली आणि लगेच बाहेर आली. डोळे लाल.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, नवऱ्याला घेऊन या, त्याशिवाय काही सांगता येणार नाही."

बघा. करायचं यांनी आणि निस्तरायला नवरा. मी गाडी सुरू केली. रस्ताभर ही खिडकीतून बाहेर बघत होती. मला एकदा वाटलं, गाडी बाजूला घ्यावी आणि सरळ विचारावं. पण विचारलं आणि तिने हो म्हटलं तर? मग मी काय करणार? घरात चहा कुठे ठेवलाय हेही मला माहीत नाही.

मी ठरवलंय. २९ तारखेच्या शनिवारी पुन्हा टेकडी आहे. पाळकसाहेबांना चढ टाळता आला नाही, बाकीच्या मंडळींनी धरणं धरलं. त्या दिवशी मी हिच्या शेजारून चालणारच नाही. सगळ्यांना मागे टाकून सर्वांत पुढे जाणार. मागे काय चालतं ते वरून बघणार.

मंगळवार, २ मे

अक्षर वाकडं येतंय, कारण उजव्या हाताला सुई लावलीय. इस्पितळातून लिहितोय. डायरी हिच्याकडून मागवून घेतली. हिने वाचली नसावी. वाचली असती तर हातात देण्याऐवजी डोक्यात घातली असती.

झालं ते असं. शनिवारी पुलापासूनच मी वेग घेतला. पाळकसाहेब बाजूला झाले, बेकरीवाल्याने "अहो, माझी नाडी!" म्हणून हाक मारली. मी ढुंकून पाहिलं नाही. चढाच्या मध्यावर मागे नजर टाकली तर ही टोपी नुसती हलवत नव्हती, काढून हातात घेऊन वावटळीसारखी फिरवत होती.

"इथे थांबून प्रार्थना करू या!" पाळकसाहेब ओरडले.

मी थांबलो नाही.

"या सुंदर झुडपासाठी!"

मी थांबलो नाही. मग मागून धावण्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर अख्खी मंडळी चढावरून धावत सुटलेली. पुढे पाळकसाहेब, एका हाताने टोपलीतला थर्मास सावरत, "हे प्रभू, आम्ही इथे थांबतो! हे प्रभू, आम्हाला थांबव! अहो, आमेन तरी म्हणा!" असं गळा फाडून ओरडत. त्यांच्या मागे नर्सबाई, पदर खोचून. त्यांच्या मागे बेकरीवाला, दोन्ही नाड्या बांधलेल्या. आणि सगळ्यांच्या मागे ही, टोपी हातात. इतका गोंधळ मी भर चौकातही पाहिलेला नाही. मला हसू यायला लागलं. हसता हसता छातीवर कोणीतरी येऊन बसलं. मग गवत तोंडाला लागलं, एवढंच आठवतं.

खाली मला बेकरीवाल्याने आणलं म्हणे, पिठाचं पोतं आणावं तसं, खांद्यावर टाकून. त्या पठ्ठ्याला पुढच्या महिन्यात साठावं लागतंय.

डॉक्टर म्हणतात, हृदयाकडे जाणाऱ्या नळ्या बंद पडत आल्यात. छाती उघडून दुरुस्ती करावी लागेल, आणि ती याच आठवड्यात. मी नाही म्हटलं. जो माणूस चालवताना मी पाहिलेला नाही, त्याच्या हातात मी माझं इंजिन देणार नाही.  ही उठून बाहेर जाऊन आली.

बुधवार, ३ मे

पाळकसाहेब आले होते. हातात फळं, तोंड उतरलेलं. ही चहा प्यायला खाली गेली होती. म्हटलं, हीच वेळ.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

ते खुर्चीत खचलेच. "कळलं तुम्हाला? पहिल्या दिवसापासून."

"लाज नाही वाटत? धर्माचं काम करता!"

"वाटते ना," ते म्हणाले. "म्हणूनच आलो. तुमच्या मिसेसनी मला सांगितलं होतं, जिन्यात तुम्हाला धाप लागते, हात दुखतो, पण डॉक्टरचं नाव काढलं की उलट त्यांच्यावरच येता. सरळ हळू चला म्हटलं तर घरी बसाल. म्हणून टोपीची खूण ठरवली. टोपी हलली की मी प्रार्थना सुरू करायची आणि तुमचा श्वास जागेवर येईपर्यंत ओढायची."

 "आणि नर्सबाई?"

"नाडी बघायच्या. तुम्ही हात ओढून घेतलात त्या दिवशी फार घाबरल्या होत्या. ठोके चुकत होते म्हणे."

"खताच्या ढिगासाठीसुद्धा खोटंच होतं?"

"शब्द ढिगासाठी होते. मी तुमच्या ओठांचा रंग बघत होतो."

शिकवायच्या गाडीत गुरूच्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. चांगला गुरू तो इतका अलगद दाबतो, की शिकणाऱ्याला वाटतं गाडी आपणच थांबवली. मी हे हजारो गधड्यांवर केलं आणि फुशारकी मारली. आता त्या सगळ्या गधड्यांच्या रांगेत मी जाऊन बसलो.

पाळकसाहेब अजून बोलत होते. "चुकलं आमचं. पहिल्याच शनिवारी तुमचा दंड धरून दवाखान्यात न्यायला हवं होतं. कोणालाच तुमचा अपमान करायचा नव्हता. सगळे इतके सभ्यपणे वागलो, की तुम्हाला मारलंच असतं." मग त्यांनी घसा साफ केला. "आता खरी प्रार्थना करू का?"

"नको," मी म्हटलं. "तुमच्या प्रार्थनेत मला आता धाप लागल्यासारखं वाटतं."

ते हसले. दात स्वतःचेच आहेत, मी विचारून घेतलं.

गुरुवार, ४ मे

सकाळपासून डॉक्टर दोनदा येऊन गेले. मी दोनदा नाही म्हटलं. कारण विचारतात. कारण काय सांगू? माझी पाचावर धारण बसलीय हे त्या पोरसवदा माणसाला सांगू?

दुपारी ही शेजारी बसून संत्रं सोलत होती. एकेक शीर काढून, जशी मला लागते तशी. पाळकसाहेबांनी हिला काही सांगितलं नसावं. त्यांना माझ्या मनातलं कळलंच नाही, ते आपल्या पापातच दंग होते. गप्प राहिलो असतो तर कोणाला काही कळलं नसतं. पण हिचे हात बघवेनात. म्हटलं, "एक सांगू? हसायचं नाही."

"सांगा."

"मला वाटलं होतं, तुझं आणि पाळकसाहेबांचं काहीतरी आहे. टोपीवरून."

हिने संत्रं खाली ठेवलं.  मग जी हसत सुटली, ती थांबेचना. पोट धरून हसली, पलंगाच्या दांडीवर कपाळ टेकून हसली, पलीकडचा म्हातारा उठून बसला, सिस्टर दारातून डोकावून गेली. "शेणाच्या ढिगापाशी?" असं दोनदा विचारलं आणि पुन्हा हसली. इतकं हसताना मी हिला फार वर्षांत पाहिलं नव्हतं. मला आधी राग आला, मग मीही हसलो, छातीला झेपलं तेवढं.

डोळे पुसता पुसता हिचं हसू कधी थांबलं ते कळलं नाही. डोळे मात्र पुसतच होती.

"तसंच असतं तर किती बरं झालं असतं हो," ही म्हणाली.

 मी बेल दाबली. सिस्टर आली, काय होतंय म्हणून विचारलं.

म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा. ऑपरेशन करा म्हणावं. मला फार भीती वाटते, तेही सांगा. पण बोलवा."